भिंत म्हातारपणाने पडत नाही

मे महिना सरत आला की नगरपरिषदांच्या नोटिसा निघू लागतात. इमारत धोकादायक झाली आहे, ती रिकामी करा किंवा उतरवून घ्या, काही बरेवाईट झाले तर जबाबदारी तुमची, असा त्यांचा साधारण मजकूर. नोटीस दारावर चिकटते, पाऊस सुरू होतो, एखादी भिंत खरोखरच बसते. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत कारण ठरलेले असते : घर जुने होते. बारामतीचा कसबा असो की इंदापूरचे जुने गावठाण, या एका वाक्यावर चौकशी संपते. मालकाने काय केले, गवंड्याने काय लावले, पाणी कुठून आले, हे कुणी विचारत नाही.

मला हे कारण मान्य नाही. जुने असणे हा भिंतीचा रोग नव्हे. याच इंदापुरात मालोजीराजांच्या गढीची आठवण चारशे वर्षांची आहे. बारामतीत कऱ्हेकाठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. त्यांच्याच आश्रयाने मोरोपंत (1729–1794) या गावात राहिले. उजनीच्या पाण्याखाली गेलेले पळसदेवचे दगडी मंदिर धरण आटले की उघडे पडते आणि लोक ते बघायला जातात. एवढी वर्षे पाण्यात राहूनही ते उभे आहे. मग आजोबांनी बांधलेल्या घराची भिंत ऐंशीव्या वर्षी का पडते? वयाने पडत असती तर आधी गढी पडली असती. अनेक घरांच्या बाबतीत उत्तर एकच आहे. आपण गेल्या तीस-चाळीस वर्षांत त्यांना दुरुस्तीच्या नावाखाली जे लावले, त्याने ती पडत आहेत. त्याचे नाव सिमेंट.

आधी ही भिंत म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडच्या जुन्या घराचे जोते काळ्या दगडाचे असते. वर दगड, भाजक्या विटा किंवा नुसत्या मातीच्या कच्च्या विटा. जाड भिंत म्हणजे दोन बाजूंना दोन थर आणि मध्ये दगड-गोट्यांचा, पांढऱ्या मातीचा भराव. सांधे मातीचे, ऐपत असेल तर चुन्याचे. वर लाकडी तुळया आणि मातीचे माळवद. कारखान्यातले सिमेंट हिंदुस्थानात 1914 साली पोरबंदरला तयार होऊ लागले आणि आपल्या तालुक्यांतल्या साध्या घरापर्यंत पोचायला त्याला आणखी कित्येक दशके लागली. त्याआधीचे जे काही उभे आहे, ते सिमेंटवाचून उभे आहे. विजापूरच्या गोल घुमटाचा आतून सुमारे 38 मीटर रुंद घुमट सतराव्या शतकात चुन्यावरच पेलला गेला. चुना म्हणजे गरिबाची तडजोड असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा तिथे जाऊन वर बघावे.

काळा दगड पाणी फारसे पीत नाही. पाणी पितात ते सांधे, विटा आणि मधली माती. जमिनीतून ओल वर चढते, पावसाची झड बाजूने आत शिरते. चुन्याचा आणि मातीचा सांधा हे पाणी घेतो आणि ऊन पडले की बाहेर सोडून देतो. भिंत अशी दर वर्षी ओली होते आणि दर वर्षी वाळते. तिचे आयुष्य या वाळण्यावर अवलंबून असते.

बारामती-इंदापूरच्या माणसाला ही गोष्ट पुस्तकातून शिकवायची गरज नाही. नीरा डावा कालवा आला, ऊस आला, आणि त्यामागोमाग चोपण जमिनीही आल्या. शेतात पाणी तुंबले की खालचे क्षार पाण्याबरोबर वर येतात, पाणी उडून जाते आणि पांढरे मीठ मागे राहते. शेतकरी त्यावर काय करतो? चर काढतो, पाण्याला वाट देतो. शेतावर प्लॅस्टिक अंथरून मीठ दिसेनासे झाले म्हणून तो समाधान मानत नाही. तोच शेतकरी घराच्या भिंतीला लोणा लागला, पोपडे सुटले की गवंड्याला बोलावतो आणि सिमेंटचा गिलावा मारून घेतो. शेतात जे केले तर लोक वेड्यात काढतील, ते तो घरात पैसे मोजून करतो.

गिलावा मारला की पहिली दोन-तीन वर्षे भिंत झकास दिसते. आत काय होते? सिमेंटचा थर पाण्याला सहज बाहेर पडू देत नाही. ओल आतच राहते आणि सुटकेसाठी आणखी वर चढते. पूर्वी गुडघ्यापर्यंत असलेला लोणा कमरेपर्यंत येतो. तुळईचे टोक भिंतीत जिथे बसवलेले असते तिथपर्यंत ओल पोचली की लाकूड कुजते. मातीचा भराव भिजून फुगतो, जड होतो, खाली बसतो. शिवाय सिमेंट कडक आणि जुनी भिंत मऊ. उन्हाळ्यात भिंत थोडी हलते, सिमेंट हलत नाही. मग केसासारख्या भेगा पडतात. भेगेतून पाणी आत जाते, पण बाहेर यायला तेवढी वाट नसते. दगडी भिंतीच्या दर्जा सिमेंटने भरल्या तर आणखी वाईट, कारण दगड पाणी सोडत नाही आणि सोडणारा एकमेव मार्ग आपण बुजवलेला असतो. मग एखाद्या जुलैत बाहेरचा थर पोट काढतो आणि अख्खा बाहेर येतो. आपण म्हणतो, घर जुने होते.

कुणी म्हणेल, सिमेंटने एवढे नुकसान होते तर सगळे ते का लावतात? कारण ते सोपे आहे. पोते दुकानात मिळते, आज लावले की उद्या कडक होते, ठेकेदाराचे बिल आठवड्यात निघते. चुना आधी भिजवून मुरवावा लागतो. पूर्वी घाणीत बैल फिरवून मळायचे. थर पातळ द्यायचा, उन्हात गोणपाट भिजवून झाकायचा, हवा घेत घेत तो हळूहळू दगड होणार. घाईच्या माणसाला हे परवडत नाही. शिवाय सिमेंटची जाहिरात भिंतीभिंतीवर आहे, चुन्याची जाहिरात करायला कुठली कंपनी बसली आहे? आपल्या डोक्यात मजबुती म्हणजे कडकपणा हे समीकरण पक्के झाले आहे. दुरुस्तीचा मसाला मूळ भिंतीपेक्षा मऊ असावा, म्हणजे झीज व्हायची ती सांध्याची होईल आणि दगड-वीट वाचेल, ही साधी गोष्ट आपण विसरलो. सांधा पुन्हा भरता येतो. फुटलेली वीट पुन्हा भरता येत नाही.

गंमत म्हणजे ज्यांचा विस्तवाशी रोजचा संबंध आहे, ते हे विसरलेले नाहीत. गुऱ्हाळाचे चुलवाण बांधणारा आगीजवळच्या विटा मातीत बसवतो, सिमेंटमध्ये नाही. आपल्या मोहल्ल्यातल्या जुन्या बेकरीची भट्टीही मातीच्या सांध्यावरच तापते. सिमेंटचा सांधा चार-पाचशे अंशांच्या पुढे खिळखिळा होतो हे कारागिराला प्रयोगशाळेने सांगितलेले नाही, भट्टीने सांगितले आहे. धुराड्याला तडा गेला की मात्र मालक घाईने वरून सिमेंट थापतो. आतली वीट तापून फुगते, बाहेरचे कवच फुगत नाही, तडा पुढच्या हंगामात दुप्पट होतो. सैल विटा काढून, मातीत किंवा चुन्यात पुन्हा रचून, वरच्या तोंडाशी पाऊस आत उतरणार नाही एवढी सोय केली तर तेच धुराडे कितीतरी हंगाम काढते. घरातही तेच. माळवदाला धुरासाठी आणि उजेडासाठी ठेवलेले साणे आपण स्लॅबचा तुकडा टाकून बंद केले. गॅस आल्यावर धुराचा प्रश्न मिटला, पण घरातली दमट हवा बाहेर जायची वाटही त्याबरोबर गेली.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. दगड-मातीच्या घरांची भलामण करायला लागलो की कुणीतरी किल्लारीचे नाव घेतो, आणि घेतलेच पाहिजे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर-उस्मानाबादच्या गावांत सुमारे 8,000 माणसे गेली, त्यांतली बहुतेक आपल्याच घरांच्या दगडांखाली. पण ती घरे का पडली हे नीट तपासले गेले आहे. जाड भिंतीचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांत गुंतवलेले नव्हते. आरपार जाणारे लांब दगड नव्हते. कोपरे बांधलेले नव्हते. माळवदावर दर पावसाळ्याआधी नवी माती टाकत गेल्याने छपराचे ओझे पिढ्यानपिढ्या वाढत गेले होते. धक्का बसला तसे दोन थर दोन दिशांना सुटले आणि वरची माती खाली आली. भारतीय मानक संस्थेने अशा कमी ताकदीच्या बांधकामासाठी त्याच वर्षी, 1993 मध्ये, स्वतंत्र मार्गदर्शक मानकही काढले. त्यात सांगितलेले उपाय साधे आहेत : ठरावीक अंतरावर आरपार दगड बसवा, भिंतींना सभोवार पट्टा द्या, कोपरे जोडा. माळवदाची जादा माती उतरवा, हे तर आपले आपल्यालाही कळते. सिमेंटचा गिलावा यातले एकही काम करत नाही. उलट दोन थर सुटत चालले आहेत हे दाखवणारा फुगवटा तो काही वर्षे झाकून ठेवतो. किल्लारीचा धडा सिमेंट लावा असा नव्हता, भिंत बांधून घ्या असा होता. आपण त्यातला सोयीचा अर्थ घेतला.

काही घरे खरेच वाचण्यापलीकडे गेलेली असतात. तिथे माणसांनी राहू नये, आणि नोटीस आली तर ती गांभीर्याने घ्यावी. माझा वाद नोटीस काढण्याशी नाही. वाद असा आहे की आपल्या व्यवस्थेकडे पाडण्यासाठी कायदा आहे, नवे बांधण्यासाठी योजना आहे आणि दुरुस्तीसाठी जवळजवळ काहीच नाही. नगरपरिषदांच्या 1965 च्या अधिनियमाने धोकादायक बांधकाम उतरवण्याचे अधिकार दिले. ग्रामीण घरकुलाला सपाट भागात 1 लाख 20 हजार रुपये मिळतात, पण ते नव्या पक्क्या घरासाठी. मातीच्या भिंती आणि मातीचे छप्पर सरकारी भाषेत कच्चे, म्हणजे जणू ते घरच नव्हे. (मदिनेतली पहिली मशीद कच्च्या विटांची, खजुराच्या बुंध्यांवर उभी होती. तिला कच्ची म्हणायची आपली हिंमत होईल का?) शहरात भाडेकरू असेल तर आणखी पेच. भाडे नियंत्रण कायदा जिथे लागू आहे तिथे मालकाने दुरुस्ती केली नाही तर नोटीस देऊन भाडेकरूला ती करता येते आणि खर्च भाड्यातून कापता येतो. पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. महिना 100 रुपये जुने भाडे असेल तर वर्षाला 300 रुपये झाले. त्यात आज गवंड्याची अर्ध्या दिवसाची मजुरीही निघत नाही. मालकाला घर पडायला हवे असते, भाडेकरूला सोडायचे नसते, आणि मधल्या मध्ये भिंत भिजत राहते. अशा घरांत कोण राहते हे मोहल्ल्यात राहणाऱ्यांना सांगायला नको. ज्यांना दुसरीकडे जाणे परवडत नाही तेच.

हे झाले सरकारचे. आता आपल्या घरात येऊ. आपल्या जुन्या मशिदी, दर्गे, कब्रस्तानांच्या भिंती यांची काय अवस्था आपण केली आहे? इंतेजामिया कमिटीकडे थोडे पैसे जमले की पहिला ठराव नूतनीकरणाचा. चुन्याची गिलाई खरवडून सिमेंट, त्यावर तैलरंग, खाली चकचकीत फरशी, महिरपीभोवती ग्रॅनाइट. तेवढ्यानेही समाधान झाले नाही तर जुनी मशीद पाडून आरसीसीची दुमजली. जागा अपुरी पडते हे खरे, नमाजी वाढले हेही खरे. पण जागा वाढवायला मागे अंगण असताना पुढची दोनशे वर्षांची कमान का पाडायची? उत्तर बहुतेक वेळा एकच असते : जुने दिसते. जे आपले आहे ते कुणी हिसकावेल या भीतीत आपण जगतो, कागद शोधतो, कोर्टात जातो. आणि त्या जागेचा सर्वांत मोठा पुरावा, म्हणजे तिची जुनी भिंत, आपणच ठेकेदाराच्या ट्रॉलीत भरून देतो.

आपण 'इमारत' हा शब्द रोज वापरतो. मूळ अरबीत त्यात बांधणे आणि निगा राखून आबाद ठेवणे हे दोन्ही अर्थ आहेत. हनफी फिक्हमध्ये वक्फच्या उत्पन्नावर पहिला हक्क त्या मालमत्तेच्या दुरुस्तीचा मानला आहे. वाकिफने तशी अट लिहून ठेवलेली असो वा नसो. म्हणजे जलसा, लंगर, कमान, रोषणाई या सगळ्यांच्या आधी गळणारे छप्पर. किती कमिट्यांच्या जमाखर्चात दुरुस्तीचा वेगळा रकाना आहे? दर पावसाळ्याआधी पन्हाळी साफ करणे, भिंतीच्या बुडातली माती आणि कचरा काढणे, कोपऱ्यातले पिंपळाचे रोप उपटणे यांना फारसा पैसा लागत नाही. दहा वर्षे हे केले नाही म्हणून मग दहा लाखांचे नूतनीकरण करावे लागते, आणि ते करणाऱ्याच्या नावाची पाटी लागते. पन्हाळ साफ करणाऱ्याच्या नावाची पाटी लागत नाही, हा खरा अडथळा आहे.

तिसरी गोष्ट कारागिरांची. गवंडी हे आडनाव हिंदूंत आहे तसे मुसलमानांतही आहे. त्यांच्या कामाची भाषा ऐका. ओळंबा आपल्या मातीतला, गुण्या फारसीतून आलेला. दर्ज, गिलावा, सुरखी, पाया, बुरूज, महिरप हे शब्द अरबी-फारसी वाटेने आले आणि देवळाच्या भिंतीवरही तेच चालले. जोते, तुळई, माळवद हे शब्द मशिदीतही तसेच राहिले. गढी कुणाची, दर्गा कुणाचा यावर भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना हे सांगावेसे वाटते की ती भिंत उभी करणाऱ्या हातांनी असा हिशेब ठेवला नव्हता. आणि आज ते हातच संपत चालले आहेत. ज्याने तरुणपणी चुन्याची घाणी पाहिली तो गवंडी आता सत्तरीत आहे. त्याचा मुलगा स्लॅबच्या कामावर जातो, कारण रोजगार तिथे आहे. आयटीआयमध्ये गवंडीकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, पण चुना त्यात नावापुरता. बांधकाम खर्चावर 1 टक्का उपकर कामगार कल्याणासाठी गोळा होतो. त्यातून प्रत्येक तालुक्यात दोन म्हाताऱ्या उस्तादांना मानधन देऊन दहा पोरे त्यांच्या हाताखाली का ठेवली जात नाहीत?

कच्च्या मालाची तर आपल्याकडे थट्टाच आहे. याच तालुक्यांतल्या शेतकऱ्याला चुनखडीचा त्रास आहे, फळबागा पिवळ्या पडतात म्हणून तो तिला शिव्या देतो. एकेकाळी ओढ्या-शेतांतले हेच खडे भट्टीत भाजून चुना होत असे. त्यात मातीचा अंश असल्याने तो ओलीतही धरतो. चुन्याला चिकटपणा यावा म्हणून कारागीर गूळ घालत, हिरड्याचे आणि बेलफळाचे पाणी घालत. बारामती तर गुळाची पेठ. दगड इथला, चुनखडी इथली, गूळ इथला, हात इथले. आणि दुरुस्तीचा माल येतो कारखान्यातून, पोत्यात.

नगरपरिषदांकडे माझ्या तीन मागण्या आहेत. धोकादायक इमारतीची नोटीस देताना दुरुस्ती शक्य आहे की नाही हे जुन्या बांधकामाची माहिती असलेल्या अभियंत्याकडून लेखी सांगा. जुन्या घरांच्या आणि वास्तूंच्या कामाच्या अंदाजपत्रकात चुन्याचा दर धरा, सिमेंटचा डोळे झाकून धरू नका. घरकुलाच्या रकमेइतकी मदत शक्य तिथे भिंत बांधून घेण्यासाठी, माळवद हलके करण्यासाठी द्या, असा ठराव करून राज्याकडे पाठवा. हे सगळे परवडणारे आहे. रोज भंगारात जाणारे सागवान आणि रस्त्यावर येणारी कुटुंबे यांचा हिशेब मांडला तर पाडणेच महाग पडते.

आणि घरमालकांनो, कमिटीवाल्यांनो, तुम्हाला सरकारची वाट बघायची गरज नाही. यंदाचा पाऊस उघडला की भिंतीच्या बुडाशी बघा. सिमेंटचा गिलावा बोटाने वाजवा. पोकळ आवाज आला तर तो खाली सुटलेला आहे. असा भाग काढा आणि भिंतीला दोन महिने वाळू द्या. जिथे भिंतीने पोट काढले आहे तिथे मात्र हात लावू नका, आधी टेकू द्या, जाणकाराला बोलवा. अंगणाची पातळी जोत्यापेक्षा वर गेली असेल तर माती उचला आणि पाण्याला चर काढून द्या. मग दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत दर्जा हातभर मोकळ्या जागेत आधी करून बघा : जुना सुटा मसाला खरवडा, सांधा ओला करा, मुरवलेला चुना एक भाग आणि चाळलेली वाळू अडीच-तीन भाग, दाबून भरा, आठवडाभर ओला ठेवा. चुना डोळ्यात आणि कातडीवर भाजतो, तेवढी काळजी घ्या. गल्लीतल्या म्हाताऱ्या गवंडीचाचांना शेजारी खुर्ची टाकून बसवा आणि चहा द्या. काय चुकते आहे ते, ते सांगतील. मात्र हे याच वर्षी करा. पुढच्या दहा वर्षांत पोते सगळीकडे मिळेल, चाचा मिळणार नाहीत.